अठरावं मिनिट

बाणेरच्या त्या फ्लॅटमध्ये तो पोचला तेव्हा डिशवॉशरचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून कोमट, आंबूस वास येत होता. धुणं पूर्ण झाल्याची खूण पडद्यावर दिसत होती. पाणी आलं होतं, तापलं होतं, फिरून निघूनही गेलं होतं. भांडी मात्र तेलकटच. वरणाच्या पातेल्याच्या कडेला पिवळी रेघ जशीच्या तशी. दाराच्या आतल्या अंगाला असलेल्या साबणाच्या कप्प्याचं झाकण घट्ट मिटलेलं. त्याने अंगठ्याने खटका दाबला, झाकण फटकन उघडलं. आत टॅब्लेट होती. अख्खी, कोरडी, सकाळी ठेवली तशी.

"आधी अधूनमधून व्हायचं, आता चार दिवस रोज हेच," घरातल्या मॅडम वैतागून म्हणाल्या. "तुम्ही सरळ नवा डिस्पेन्सर बसवा आणि विषय संपवा."

बरोबर आलेल्या शिकाऊ मुलाने बॅगेची चेन ओढलीसुद्धा. नवा भाग बॅगेत होताच. त्याने मुलाला हाताने थांबवलं आणि स्वयंपाकघरात एकवार नजर फिरवून विचारलं, "मॅडम, यात भांडी कोण लावतं?"

हा प्रश्न पहिल्यापासून त्याच्या तोंडी नव्हता. तो शिकायला एक चूक व्हावी लागली.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स करून तो या धंद्यात आला. पहिली दहा-बारा वर्षं फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन यांतच गेली. डिशवॉशर म्हणजे परदेशातून परत आलेल्या एखाद्या कुटुंबाकडे दिसणारी वस्तू. मग 2020 चा लॉकडाउन आला. घरकामाच्या बायकांना सोसायट्यांच्या फाटकातून आत येता येईना आणि ज्यांनी कधी भांड्यांना हात लावला नव्हता त्यांच्या घरी डिशवॉशर येऊ लागले. त्याच लाटेत त्यानेही हे यंत्र शिकून घेतलं. घेणाऱ्याला ते नवं होतं, दुरुस्त करणाऱ्यालाही.

यंत्र शिकताना त्याला सर्वांत सोपा वाटलेला भाग म्हणजे हा डिस्पेन्सर. दाराच्या आत बसवलेला हाताच्या पंज्याएवढा प्लॅस्टिकचा ठोकळा. त्यात साबणाचा कप्पा, त्याला स्प्रिंगचं झाकण, झाकण अडकवून ठेवणारा खटका, आणि मागच्या बाजूला तो खटका ओढणारी कॉइल. कॉइलला वीज मिळाली की ती खटका खेचते, स्प्रिंग झाकण उघडते. काही यंत्रांत कॉइलऐवजी मेणाची कुपी असते. विजेने ती तापते, वितळताना मेण फुगतं आणि दांडी बाहेर ढकलतं. तिला काम करायला मिनिटभर तरी लागतं. कॉइल मात्र क्षणात काम करते आणि करताना आवाज देते. टक.

इतकी सगळी व्यवस्था एका झाकणासाठी का, हे समजायला मोरीकडे बघावं. आधी खरकटं काढायचं, मग भांडं एकदा विसळायचं, त्यानंतर साबण लावून घासायचं, पुन्हा विसळायचं आणि पालथं घालून निथळू द्यायचं. भांडी घासणारं कुणीही याच क्रमाने जातं. यंत्रही याच क्रमाने जातं. पहिल्या पाण्यात भाताची शितं, डाळ, सुटं तेल निघतं आणि ते पाणी यंत्र सरळ बाहेर टाकतं. साबण उघड्यावर ठेवला असता तर तोही त्याच पाण्याबरोबर गेला असता. म्हणून तो झाकणाखाली राखून ठेवायचा आणि दुसरं, तापणारं पाणी आलं की सोडायचा. या साबणात सोडियम कार्बोनेटसारखे क्षार असतात, डाग उडवणारं परकार्बोनेट असतं, आणि एन्झाइम असतात: डाळीतली, अंड्यातली प्रथिनं तोडणारं एक, भाताची खळ तोडणारं दुसरं. त्यांना गरम पाणी लागतं आणि वेळही लागतो. पूर्ण आकाराचं यंत्र एका खेपेला साधारण दहा लिटर पाणी वापरतं. तेवढ्यात बारा-चौदा जणांची भांडी निघतात ती या क्रमामुळे. झाकण वेळेवर उघडलं नाही, तर उरतं ते नुसतं गरम पाण्याने विसळणं.

हे सगळं त्याला पाठ होतं. म्हणूनच 2021 साली कोथरूडच्या त्या घरात तो चुकला.

निवृत्त काका-काकू, दोघंच. मुलीने पाठवलेल्या पैशांतून यंत्र घेतलेलं. तक्रार तीच, झाकण उघडत नाही. त्याने कप्पा पाहिला. आत टॅब्लेट होती, एका कोपऱ्यात जराशी भिजून फुगलेली. वीज बंद केली, दाराचे स्क्रू काढले, जुना डिस्पेन्सर उतरवून नवा बसवला आणि रिकामं यंत्र चालवून पाहिलं. ठरल्या वेळी टक वाजलं, झाकण उघडलं. काकूंनी चहा दिला. भाग आणि मजुरी मिळून साडेतीन हजार रुपये काकांनी मोजून हातावर ठेवले.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. "अरे, पुन्हा तसंच झालं."

तो परत गेला तेव्हा काकूंनी जेवणानंतरची भांडी नुकतीच लावली होती. या वेळी त्याने दार लगेच उघडलं नाही. खाली उकिडवा बसला आणि दार हळूहळू लावताना फटीतून आत पाहत राहिला. खालच्या रॅकमध्ये सर्वांत पुढे स्टीलची मोठी परात तिरकी उभी होती. दार मिटता मिटता परातीचा काठ साबणाच्या झाकणाला येऊन टेकला. खटका सुटत होता, स्प्रिंग जोर लावत होती, पण समोर भिंत होती. टॅब्लेटचा एक कोपरा भिजला होता तो यामुळेच: झाकण केसभर उघडून थबकलं होतं. तो ओला कोपरा त्याला पहिल्याच दिवशी दिसला होता. दिसला, पण त्याने तो वाचला नाही.

रिकामं यंत्र चालवून पाहिलं तेव्हा परात बाहेर होती. म्हणजे त्याची चाचणीच त्याला फसवत होती.

त्याने काकांना खरं काय ते सांगितलं. तुमचा जुना भाग धडधाकट होता, मी तो उगाच बदलला. पैसे परत देऊ केले तेव्हा काका मजुरीच घ्यायला तयार झाले. भागाचे राहू दे म्हणाले, कारण नवा भाग आता यंत्रात बसलाच होता. त्या रात्री घरी गेल्यावरही त्याच्या डोळ्यांसमोर साडेतीन हजार मोजणारी ती बोटं होती. पेन्शनच्या पैशांतली ती रक्कम होती आणि ती घेताना त्याने पाच मिनिटं थांबून पाहिलंही नव्हतं. काढलेला जुना डिस्पेन्सर त्याने भंगारात टाकला नाही.

पुढे त्याच्या ध्यानात आलं की परातीची गोष्ट एका घरापुरती नाही. अमेरिकेतल्या जोसेफीन कॉक्रन या बाईंनी 1886 साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांनी आपल्या ताटल्या-कपांची मापं घेऊन त्यांच्यासाठी तारेचे कप्पे बनवले होते आणि पाण्याच्या दाबाने भांडी धुतली होती. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं वापरली गेली. भांडं आणि तारेचा कप्पा यांचं हे नातं तेव्हापासूनचं. आजही रॅकच्या दांड्यांमधली जागा बहुतेक करून पसरट ताटल्यांच्या हिशोबाने असते. आपली उभ्या काठाची ताटं, परात, कढई, तवा, कुकरचं भांडं त्या दांड्यांत नीट मावत नाहीत. मग माणूस त्यांना जागा मिळेल तिथे टेकवतो, आणि मोठी जागा असते ती पुढे, दाराजवळ. काही यंत्रांत टॅब्लेट वरच्या रॅकच्या पुढच्या खोबणीत पडते. तिथे लांब दांड्याचा झारा किंवा डाव आडवा ठेवला की झाकण त्यालाच अडतं. परात मागे घ्या, ताटांची तोंडं आतल्या बाजूला करा, झारा दुसऱ्या कडेला टाका. कितीतरी घरांत त्याची दुरुस्ती एवढ्यावरच संपली आहे. अशा वेळी तो फक्त भेटीचे पैसे घेतो.

उरलेल्या घरांत कारणं वेगवेगळी निघतात. वाकडच्या एका घरी पावडर वापरायचे. कप्पा ओला असतानाच पावडर भरायची सवय होती आणि भरायचीही शिगोशीग. झाकणाच्या कडेला तिचा दगड झाला होता. शिवाय सोसायटीला पाणी टँकरचं आणि बोअरचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. ज्या घरी बोअरचं पाणी येतं तिथे यंत्राच्या तळातल्या कप्प्यात सॉल्ट भरलेलं नसेल, तर आतले रेझिनचे मणी पाणी मऊ करू शकत नाहीत आणि पांढरी खर जिकडेतिकडे बसते. वाकडच्या त्या घरी टक वाजत होतं. खर आणि पावडर यांनी झाकण चिकटून बसलं होतं. कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि पंधरा मिनिटं एवढीच सामग्री लागली. खुपसायला त्याने चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हर घेतला नाही. झाकणाच्या रबराला एक चीर गेली की पहिल्याच पाण्यात साबण विरघळून जातो आणि नवी तक्रार जन्माला येते.

दुसऱ्या एका घरी झाकण उघडत होतं आणि टॅब्लेट आतच राहत होती. तक्रार मात्र 'झाकण उघडत नाही' अशीच, कारण लोक बघतात ते उरलेल्या टॅब्लेटकडे. ओल्या हाताने टॅब्लेट धरली, की तिच्यावरचा पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा चिकट होतो आणि कप्प्याला धरून बसतो. त्यातून खालच्या फिरत्या पात्याची भोकं जिऱ्या-मोहरीने बुजलेली असली, की दारापर्यंत पाण्याचा मारा पोचत नाही. पातं काढून टाचणीने भोकं मोकळी केली, कप्पा पुसून कोरडा केला, काम झालं.

म्हणून आता तो बॅग उघडण्याआधी चार गोष्टी विचारतो. टॅब्लेट कोरडी राहते की अर्धी भिजलेली? झाकण मिटलेलं असतं की उघडं? शेवटच्या विसळण्यात सुटणाऱ्या द्रवाची, म्हणजे रिन्स एडची पातळी कमी होते का? आणि टक ऐकू येतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यंत्र विकत घेणाऱ्याकडे क्वचितच असतं. यंत्र चालू असताना त्या खोलीत दुसरंच कुणीतरी असतं.

बाणेरच्या घरी ती होती मावशी. कणीक मळता मळता ती ऐकत होती. मॅडमनी तिच्याकडे बोट दाखवलं तशी ती परातीतून हात न काढताच म्हणाली, "दादा, ते आधी मधेच एकदा टक करायचं. मी भाजी निवडत असायचे, तेव्हा ऐकू यायचं. आता चार दिवस नुसतं पाणी फिरतंय."

"सुरू केल्यावर किती वेळाने वाजायचं, मावशी?"

"कुकरच्या शिट्ट्या होऊन गॅस बंद करायचे, तेव्हा. पंधरा-वीस मिनिटं धरा."

त्याने मुलाकडे पाहिलं. निम्मं निदान झालं होतं. टक नाही म्हणजे परात नाही, खर नाही. कॉइल तरी मेली आहे किंवा तिच्यापर्यंत वीज पोचत नाही. त्याने रिन्स एडची खिडकी पाहिली. मॅडमनी गेल्या रविवारी भरलं होतं आणि ते काठोकाठ तसंच होतं. या यंत्रात एकच कॉइल दोन्ही कामं करते: पहिल्या झटक्याला साबणाचं झाकण, नंतरच्या झटक्याला रिन्स एड. दोन्ही बंद, म्हणजे बोट कॉइलच्याच दिशेने जात होतं.

प्लग काढून तो त्याने ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. 230 व्होल्ट आणि ओल्या हातांचं काम. यात तो कुणालाही सवलत देत नाही. आतल्या बाजूचे स्टारचे स्क्रू काढले, दाराचा बाहेरचा पत्रा उतरवला आणि मीटर मुलाच्या हातात दिला. कॉइलच्या दोन टोकांवर आकडा आला दीड हजार ओमच्या आसपास. ठीक. जळलेली कॉइल काहीच दाखवत नाही.

"कॉइल चांगली आहे," मुलगा म्हणाला. "मग बोर्ड गेला असेल."

बोर्ड म्हणजे डिस्पेन्सरच्या तिप्पट खर्च. त्याने मान हलवली आणि यंत्राच्या तळाशी असलेली पट्टी काढायला सांगितली. या यंत्राचा मुख्य बोर्ड तळाशी आहे. तिथून निघालेल्या तारा बिजागरीजवळून वळून दारात शिरतात. दार उघडलं की त्या ताणतात, मिटलं की दुमडतात. दिवसातून चार-पाच वेळा, चार वर्षं. त्याने मीटर बीपवर लावला, एक टोक बोर्डाकडच्या पिनला, दुसरं कॉइलकडच्या पिनला. दार उघडं होतं. मीटर वाजत राहिला.

"तारही चांगली आहे," मुलगा म्हणाला.

"आता दार लाव. हळू."

दार वर येत गेलं. अर्ध्यापर्यंत बीप अखंड. आणखी वर. शेवटची चार बोटं राहिली असताना बीप तुटली, पुन्हा आली, आणि दार मिटलं तशी गप्प झाली. मुलाने दार उघडलं, बीप सुरू. मिटलं, बंद. त्याने ते तीन-चार वेळा केलं आणि मग आपणहून बिजागरीजवळच्या तारांच्या जुडग्यावर टॉर्च धरला. बाहेरून प्लॅस्टिक शाबूत होतं. बोटांनी चाचपल्यावर एका जागी तार मऊ लागली. आतलं तांबं तुटलं होतं. दार उघडं असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकत आणि मिटल्यावर दूर होत. यंत्र चालतं ते दार मिटूनच. मेकॅनिक तपासतो ते दार उघडून. मधल्या या फटीत कितीतरी चांगले बोर्ड आणि चांगले डिस्पेन्सर बदलले जातात.

त्यांनी तेवढा तुकडा कापून काढला, उष्णता सोसणारी सिलिकॉनची तार जोडली, जोड दाबून पक्का केला, वर नळी आवळली. मुलाने तार ताणून बसवली होती. त्याने ती सोडवून बिजागरीपाशी बोटभर ढिली वेढी ठेवायला लावली. दार परत लावण्याआधी डिस्पेन्सरभोवतीचं रबर बोट फिरवून तपासलं. ते एका जागी जरी दुमडलं तरी पाणी दारातून झिरपत तळाच्या ताटलीत साठतं, तिथला तरंगता गोळा वर येतो आणि यंत्र गळतीची खूण दाखवून थांबतं.

मग मावशीने भांडी लावली. त्याने मुद्दाम तिलाच लावायला सांगितली, ती रोज लावते तशीच. परात तिने मागच्या बाजूला सरकवली, कुणी न सांगता. कप्पा कोरड्या फडक्याने पुसून मॅडमनी टॅब्लेट ठेवली. यंत्र सुरू झालं. मॅडमची पुढची मीटिंग होती. त्या लॅपटॉप घेऊन ओट्यापाशीच उभ्या राहिल्या. मावशीने चिमणीचा पंखा बंद केला. पहिलं पाणी आलं, फिरलं, गुळगुळ करत गेलं. दुसरं पाणी भरू लागलं. मुलगा मोबाईलवर मिनिटं मोजत होता. अठराव्या मिनिटाला आतून कोरडा, स्पष्ट आवाज आला.

"हेच," मावशी म्हणाली आणि पोळ्यांकडे वळली.

बिल झालं तारेच्या तुकड्याचं आणि दीड तासाच्या कामाचं. नवा डिस्पेन्सर बॅगेत परत गेला. तो ठेवताना मुलाला तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला दुसरा एक डिस्पेन्सर सापडला. प्लॅस्टिक पिवळसर झालेलं, कडेला पांढरी खर. लिफ्टची वाट पाहताना मुलाने झाकण मिटवलं, खटका दाबला. फटकन उघडलं. पुन्हा मिटवलं, पुन्हा उघडलं. मीटर गळ्यातच होता. त्याने कॉइलवर टोकं टेकवली. दीड हजार ओम.

"सर, यात काय बिघडलं होतं?"

"काही नाही," तो म्हणाला. "कोथरूडचा आहे." लिफ्ट आली. खाली पोचेपर्यंत त्याने मुलाला परातीची ती गोष्ट सांगितली, साडेतीन हजारांसकट.